कारागृह सेवेतील वरिष्ठांचा जाच

कारागृह सेवेतील वरिष्ठांचा जाच : तुरुंगातील शिपाई, हवालदार, सुभेदार किंवा तुरुंग अधिकारी यांना वरच्या पदावरील व्यक्तीकडून सातत्याने मिळणारी अपमानाची, धमकावणीची वा सूडाची वागणूक आणि तिच्याविरुद्ध दाद मागण्याचे मार्ग. अमेरिकन अभ्यासक बेनेट टेपर यांनी २००० मध्ये केलेल्या अशा जाचाच्या व्याख्येत शाब्दिक व अशाब्दिक वैरभाव येतो, मारहाण येत नाही. भारतीय सेवाकायद्याने अशा जाचाची स्वतंत्र व्याख्या केलेली नाही. प्रस्तुत नोंद मुख्यतः महाराष्ट्रापुरती आहे.

तुरुंग हा राज्यसूचीतला विषय. त्याचा कायदेशीर पाया शतकाहून अधिक काळ १८९४ चा कारागृह अधिनियम हाच राहिला. त्याच्या कलम ८ नुसार सर्व कर्मचाऱ्यांनी अधीक्षकाची आज्ञा पाळायची. कलम ५४ नुसार कर्तव्यात कसूर, रजेवरून मुद्दाम उशिरा परतणे किंवा भ्याडपणा यांबद्दल तुरुंगाधिकारी व त्याच्या हाताखालच्यांना दंडाधिकाऱ्यापुढे उभे करून दोनशे रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद देण्याची तरतूद आहे. हाताखालच्या माणसाला वरिष्ठाने कसे वागवावे, याबद्दल मात्र या अधिनियमात काही नाही. पुढच्या बऱ्याच अडचणींचे मूळ या एकतर्फी रचनेत आहे.

जाच बहुधा नियमाच्या भाषेतच होतो. एकाच शिपायाला सलग रात्रपाळी किंवा टॉवरवरचा पहारा लावणे, साप्ताहिक सुट्टी कापणे, रजेचा अर्ज टेबलावर पडू देणे, क्षुल्लक कारणावरून ‘खुलासा सादर करा’ असा मेमो काढणे, हजेरीच्या वेळी सर्वांदेखत शिवीगाळ करणे हे त्याचे नेहमीचे प्रकार. कर्मचाऱ्यांची वसाहत बहुतेक ठिकाणी तुरुंगाच्या आवारातच असल्याने क्वार्टरचे वाटपही त्याच अधिकाऱ्याच्या हाती असते आणि जाच घरापर्यंत पोहोचतो. कडक शिस्त कुठे संपते आणि जाच कुठे सुरू होतो, याबद्दल खात्यात एकमत नाही.

पुरावा ही या सेवेतली खास अडचण. भिंतींच्या आत मोबाइल नेण्यास मनाई असल्याने ध्वनिमुद्रण करू पाहणारा स्वतःच कारवाईला पात्र ठरतो. प्रसंग पाहणारे बहुधा बंदी (कैदी) असतात. त्यांची साक्ष सहज फेटाळली जाते, शिवाय ती दिल्याचा त्रास त्यांना त्याच बराकीत भोगावा लागतो. त्यामुळे कागदाचे महत्त्व इतर खात्यांपेक्षा जास्त.

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधील नियम ३ या बाबतीत उपयोगी आहे. वरिष्ठाच्या निर्देशाने काम करताना तो निर्देश शक्यतो लेखी घ्यावा आणि ते जमले नाही तर त्यानंतर शक्य तितक्या लवकर लेखी पुष्टी मिळवावी, असे तो सांगतो. एखाद्या बंद्याला सवलत देण्याचा तोंडी हुकूम पाळला आणि पुढे प्रकरण उघड झाले, तर जबाबदारी बहुधा सर्वांत खालच्या माणसावर येते. अशा हुकुमाची पुष्टी मागणारी दोन ओळींची नोंद आवक क्रमांकासह जपली असेल तर विभागीय चौकशीत तिचे वजन पडते. पुष्टी मिळाली नाही तरी ती मागितल्याचा पुरावा राहतो.

तक्रार ‘योग्य मार्गाने’, म्हणजे ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच मार्फत जाते. म्हणून आगाऊ प्रत थेट वरच्या कार्यालयाकडे, पुण्याच्या कारागृह मुख्यालयापर्यंत, पाठवण्याचा प्रघात आहे. आमदार-मंत्र्यांची चिठ्ठी आणणे हा वर्तणूक नियमांचा भंग असून त्याने खरी तक्रारही कमजोर होते. माहिती अधिकाराचा उपयोग मर्यादित आहे. स्वतःच्या अर्जावर काय झाले हे त्यातून कळते, पण वरिष्ठाला पूर्वी मिळालेले मेमो व शिक्षा ही वैयक्तिक माहिती असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने गिरीश देशपांडे प्रकरणात (२०१२) ठरवले.

सूडाचे सर्वांत परिचित साधन बदली. राज्याच्या २००५ च्या बदली अधिनियमानुसार एका पदावरचा सामान्य कालावधी तीन वर्षे असून बदल्या साधारणतः एप्रिल-मे मध्ये होतात. मुदतपूर्व किंवा मध्यावधी बदलीसाठी कारणे लेखी नोंदवून वरच्या प्राधिकाऱ्याची मान्यता घ्यावी लागते. ‘प्रशासकीय कारणास्तव’ एवढाच शेरा अनेकदा प्रशासकीय न्यायाधिकरणात टिकत नाही. निनावी तक्रारीवरून शिक्षेऐवजी केलेली बदली बेकायदेशीर असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने सोमेश तिवारी प्रकरणात (२००८) म्हटले आहे. गोपनीय अहवालातील शेरे, मग ते प्रतिकूल नसले तरी, कर्मचाऱ्याला कळवलेच पाहिजेत, हे देव दत्त प्रकरणापासून (२००८) प्रस्थापित आहे. निलंबनाबाबत २०१५ च्या अजयकुमार चौधरी निकालाने दोषारोपपत्राविना तीन महिन्यांची मर्यादा घातली.

महिला कर्मचाऱ्यांना लैंगिक छळाबाबत २०१३ च्या अधिनियमाखाली वेगळा मार्ग आहे. तक्रार तीन महिन्यांत अंतर्गत समितीकडे करायची असते. ती नियोक्त्याविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. जातिवाचक शिवीगाळीला १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो.

संपाचा मार्ग मात्र बंद आहे; त्याला वर्तणूक नियमांत मनाई आहे.

खात्यात दाद लागली नाही तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण (मॅट). मुंबईसह नागपूर व औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) येथे त्याचे कामकाज चालते. १९८५ च्या अधिनियमानुसार आधी खात्यातले उपाय संपवावे लागतात. निवेदनाला सहा महिन्यांत उत्तर आले नाही तर पुढच्या एका वर्षात अर्ज करता येतो. ही मुदत चुकल्याने चांगली प्रकरणे बाद होतात. निकालाविरुद्ध उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे जाता येते. न्यायाधिकरण बदलीचा वा शिक्षेचा आदेश रद्द करते; ज्याने तो सूडाने काढला त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई करणे न करणे शासनाकडेच राहते.