जुन्या मोटारगाडीतील स्पीकरची निवड

जुन्या मोटारगाडीतील मूळचे स्पीकर निकामी झाल्यावर गाडीच्या रचनेला व तिच्यातील कारस्टिरिओला जुळतील असे पर्यायी स्पीकर ठरवावे लागतात. ही निवड मुख्यतः आकार, संरोध, संवेदनशीलता व सतत पेलता येणारी शक्ती या चार बाबींवर अवलंबून असते. वेष्टनावर ठळकपणे छापलेला कमाल वॅटचा आकडा त्या मानाने दुय्यम ठरतो. न जुळणारा स्पीकर जोडल्यास कारस्टिरिओ जळण्याचा धोका असतो. तसेच स्पीकर बसविण्यासाठी एकदा कापलेला पत्रा पूर्ववत करणे कठीण असते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील जुन्या गाड्यांमध्ये पूर्वी मुंबईतील कुर्ला येथे तयार होत असलेली प्रीमियर पद्मिनी, तसेच ॲम्बेसेडर (१९५७–२०१४) व मारुती ८०० (१९८३–२०१४) या गाड्या विशेष परिचित आहेत. मध्यम लहरींवरील रेडिओ हेच दीर्घकाळ गाडीतील करमणुकीचे प्रमुख साधन होते. परभणी जिल्ह्यातील श्रोत्यांना परिचित असलेले आकाशवाणीचे परभणी केंद्र १३०५ किलोहर्ट्झ या मध्यम लहरीवरील आहे. अशा प्रसारणातून साधारण ५ किलोहर्ट्झपर्यंतचेच ध्वनी पोहोचत असल्याने कागदी शंकूचा लहान स्पीकर पुरेसा होई. एफएम प्रसारणाची मर्यादा सुमारे १५ किलोहर्ट्झ असल्याने त्यातील उंच स्वर जुन्या स्पीकरवर मंद ऐकू येतात.

स्पीकर निकामी होण्याची कारणे

स्पीकरचा शंकू, त्याच्या कडेची लवचीक पट्टी व चुंबकाच्या फटीत हलणारी व्हॉइस कॉइल हे भाग काळानुसार झिजतात. परभणी जिल्ह्यात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि बंद गाडीत ते त्याहूनही अधिक असते. त्यामुळे फोमची पट्टी ठिसूळ होऊन गळून पडते. पावसाळ्यातील ओलाव्याने कागदी शंकू मऊ पडतो, तर बारीक धूळ फटीत शिरल्यास आवाज खरखरतो. अशा हवामानात पॉलिप्रॉपिलीनचा शंकू व रबरी पट्टी अधिक टिकाऊ ठरतात.

निवडीचे निकष

आकार : ४, ५.२५ व ६.५ इंचांचे गोल आणि ६×९ इंचांचे लंबगोल स्पीकर प्रचलित आहेत. व्यासाबरोबरच खोलीही मोजणे आवश्यक असते. दाराची काच पूर्ण खाली घेतल्यावर ती चुंबकाला लागता कामा नये. जागा अपुरी असल्यास पत्रा कापण्याऐवजी लाकडी किंवा प्लॅस्टिकची कडी मध्ये बसवून स्पीकर पुढे घेता येतो.

संरोध : मोटारीतील बहुतेक स्पीकर ४ ओहमचे असतात. असे दोन स्पीकर समांतर जोडल्यास एकूण संरोध २ ओहम होतो व कारस्टिरिओवर त्याच्या क्षमतेपेक्षा अधिक भार पडू शकतो. मल्टिमीटरवर ४ ओहमच्या स्पीकरचा रोध साधारणतः ३ ते ४ ओहम दिसतो.

शक्ती : कारस्टिरिओवर ‘४×५० वॅट’ असे छापलेले असले, तरी १४.४ व्होल्ट दाबावर ४ ओहमच्या स्पीकरला विकृतीविना मिळू शकणारी शक्ती गणिताने सुमारे २६ वॅट येते. प्रत्यक्षात ती त्याहून कमी असते. स्वतंत्र ॲम्प्लिफायर नसेल, तर शेकडो वॅटच्या स्पीकरने आवाज वाढत नाही. तुलनेसाठी ‘आरएमएस’ म्हणून दिलेला आकडाच पाहावा लागतो.

संवेदनशीलता : १ वॅट शक्तीवर १ मीटर अंतरावर मिळणारी ध्वनिपातळी डेसिबेलमध्ये दिली जाते. दर ३ डेसिबेलला लागणारी शक्ती दुप्पट होते. म्हणून ९३ डेसिबेलचा स्पीकर ५ वॅटवर जेवढा आवाज देतो, तेवढ्यासाठी ८७ डेसिबेलच्या स्पीकरला सुमारे २० वॅट लागतात. कमी शक्तीच्या जुन्या कारस्टिरिओसाठी हा निकष सर्वाधिक महत्त्वाचा ठरतो. मात्र काही उत्पादक हे मापन २.८३ व्होल्टवर करतात. ४ ओहमच्या स्पीकरला तेव्हा २ वॅट मिळतात व आकडा ३ डेसिबेलने मोठा दिसतो.

जोडणीतील दक्षता

काही जुन्या गाड्यांत स्पीकरची एक तार थेट गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असते. आजच्या बहुतेक कारस्टिरिओंमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारांवर विद्युतदाब असल्याने ही जुनी जोडणी तशीच ठेवल्यास यंत्र बिघडते. अशा वेळी प्रत्येक स्पीकरसाठी दोन स्वतंत्र तारा टाकाव्या लागतात. पत्र्यातून जाणाऱ्या तारेला रबरी संरक्षण व कारस्टिरिओच्या वीजपुरवठ्याला योग्य क्षमतेचा फ्यूज नसल्यास शॉर्टसर्किट होऊन आग लागण्याचा संभव असतो.

डाव्या-उजव्या स्पीकरांची धन व ऋण टोके एकाच क्रमाने जोडणे आवश्यक असते. एका बाजूस ती उलटी झाल्यास खर्जाचे स्वर परस्परांना छेदून क्षीण होतात. १.५ व्होल्टच्या सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला व ऋण टोक ऋण टोकाला क्षणभर लावल्यास शंकू बहुधा बाहेरच्या दिशेने सरकतो. त्यावरून खुणा पुसलेल्या स्पीकरची टोके ओळखता येतात. सर्वच स्पीकर एकाच वेळी खरखरत असतील, तर दोष कारस्टिरिओत किंवा जोडणीत असण्याची शक्यता अधिक असते. त्यामुळे खरेदीपूर्वी दुसरा, चांगला स्पीकर जोडून खात्री करणे इष्ट ठरते.