सवलत कायदा, जर्मन
किरकोळ विक्रीतील सवलतींवर मर्यादा घालणारा जर्मनीतील एक कायदा (१९३३–२००१). विभागीय भांडारे व ग्राहक सहकारी संस्था यांच्या स्पर्धेपासून छोट्या दुकानदारांना संरक्षण देण्याच्या हेतूने तो नाझी राजवटीत करण्यात आला. त्यान्वये नित्योपयोगी वस्तूंच्या रोख खरेदीवर जास्तीत जास्त ३ टक्के सूट देता येई. खरेदीबरोबर भेटवस्तू देण्यास, क्षुल्लक वस्तू वगळता, १९३२ च्या वटहुकुमाने आधीच मनाई केली होती. यूरोपीय संघाच्या २००० सालच्या निदेशानुसार ऑनलाइन विक्रेत्यांस स्वदेशाचे नियम लागू होणार असल्याने जर्मन विक्रेते स्पर्धेत मागे पडण्याचा संभव निर्माण झाला; म्हणून जुलै २००१ मध्ये दोन्ही निर्बंध रद्द झाले. पुढे सवलतीच्या प्रमाणापेक्षा तिच्या खरेपणास महत्त्व आले. २८ मे २०२२ पासून किंमतकपात जाहीर करताना आधीच्या ३० दिवसांतील किमान किंमत दर्शविणे सामान्यतः बंधनकारक आहे.