पडद्याचा कार्यभार

राज्यकारभारात कार्यभार सुपूर्त करण्याच्या क्षणाला फार महत्त्व असते. जाणाऱ्याने किल्ल्या दिल्या नाहीत, तर येणारा कितीही लायक असो, तो दाराबाहेरच ताटकळतो. संगणकाच्या पडद्यावरही असा कार्यभार वारंवार बदलत असतो. त्याची हकीकत हा युनिक्स-कुळातील यंत्रणांच्या इतिहासातील लहानसा, परंतु बोधप्रद अध्याय होय.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची ह्यांनी युनिक्सचा पाया घातला. त्या वेळी माणसाचा संगणकाशी संवाद चाले तो टेलिटाइपवर. कळा दाबाव्यात आणि सेकंदाला दहा अक्षरे ह्या गतीने उत्तर कागदावर उमटावे, अशी ती रीत. पुढे कागद गेला, काच आली. पण ‘टीटीवाय’ ही त्या यंत्राची खूण युनिक्सने अद्याप पुसलेली नाही. १९८४ मध्ये मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्या संस्थेत ‘एक्स’ ही खिडक्यांची व्यवस्था जन्मास आली आणि अक्षरांच्या शेजारी चित्रेही नांदू लागली.

१९९१ साली हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने लिनक्सचा आरंभ केला. पुढच्याच वर्षी त्यात आभासी कन्सोले आली आणि ‘एक्स’ही आले. कळफलक एक, पडदा एक. परंतु कंट्रोल, ऑल्ट व एखादी एफ-कळ एकदम दाबताच चित्रमय डेस्कटॉप दूर व्हावा आणि साध्या मजकुराचे कन्सोल समोर यावे! सहा कन्सोले मजकुराची व सातवे चित्रांचे, हा परिपाठ कित्येक वर्षे रूढ होता.

ह्या अदलाबदलीमागे एक करार आहे. यंत्रणेचा गाभा, म्हणजे कर्नल, ‘एक्स’ला जागा सोडण्याची सूचना देतो, ‘एक्स’ आवराआवर करून होकार कळवते, मगच पडदा दुसऱ्याच्या हाती जातो. परंतु ‘एक्स’च थिजले तर? होकार देणारा कोणी उरत नाही. कळफलकही त्याच्याच ताब्यात असतो. मागे कन्सोले जिवंत असतात, आणि तरीही माणूस अर्धवट लिहिलेल्या कामासमोर हतबल होऊन बसतो. म्हणूनच कळफलक सक्तीने परत घेण्याची एक राखीव कळही कर्नलात ठेवावी लागली. पुढे २००९ पासून पडद्याची मांडणी ठरविण्याचे कामच कर्नलकडे येऊ लागले. त्यायोगे अदलाबदल वेगवान झाली आणि विश्वसनीयही झाली. ज्याच्याकडे अंतिम जबाबदारी, त्याच्याच हाती किल्ल्या असाव्यात, हे तत्त्व येथे उशिराने का होईना, मान्य झाले.

मराठी माणसापुरता मात्र एक प्रश्न शिल्लक आहे. चित्रमय डेस्कटॉपवर देवनागरी उत्तम उमटते. कर्नलच्या मजकूर-कन्सोलात पडदा सारख्या घरांत विभागलेला असतो आणि अक्षराकृतींना मर्यादा असते ५१२ ची. जोडाक्षरे जुळविण्याची, ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी मांडण्याची सोय तेथे नाही. संकटसमयी जे दार उघडते, त्याच्या आत केवळ मराठी जाणणाऱ्याला वाचता येईल असे काही नसते. कार्यभार हाती येतो, परंतु दप्तर परक्या लिपीत असते. किल्ल्यांची व्यवस्था लागली. दप्तराची लागेल तेव्हाच हा कार्यभार पुरतेपणी सुपूर्त झाला असे म्हणता येईल.