घाटशर्यतीचे इंजिन : हंगामाच्या मध्यावरची फेरजुळणी

पुणे-बेंगळुरू महामार्गावरील कापूरहोळ हे मोटारचालकांच्या परिचयाचे ठिकाण. येथून एक रस्ता भोरकडे जाऊन पुढे वरंधा घाटाने महाडला उतरतो, तर दुसरा नारायणपूरमार्गे सासवडला पोहोचतो. महामार्गावर उत्तरेला कात्रजचा घाट आणि दक्षिणेला खंबाटकीचा. इंजिनात दम किती, याचा निकाल अशा चढणींवर लगेच लागतो. १९०८ साली मुंबई ते कोल्हापूर आणि परत अशी सुमारे ६२० मैलांची मोटारचाचणी झाली. सह्याद्रीतील सहा घाट ओलांडायचे होते. त्यात 'पर्ल ऑफ द ईस्ट' ही रोल्स-रॉइस यशस्वी ठरली. पुढे ती ग्वाल्हेरच्या महाराजांनी विकत घेतली.

घाटशर्यत, म्हणजेच हिल क्लाइंब, हा मोटारक्रीडेतील सर्वांत जुन्या प्रकारांपैकी एक. यात गाड्या एकमेकींना मागे टाकत नाहीत. प्रत्येक गाडी एकटीच घड्याळाविरुद्ध चढण चढते. इंग्लंडमधील शेल्सली वॉल्श येथे १९०५ पासून, तर अमेरिकेतील पाइक्स पीक येथे १९१६ पासून अशा शर्यती होत आल्या आहेत. ब्रिटनमध्ये १९४७ पासून राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा आहे. नोकरी-व्यवसाय सांभाळून स्वतःच्या गाडीने उतरणारे हौशी स्पर्धक हा या खेळाचा कणा. दोन फेऱ्यांमध्ये काही आठवडेच मिळतात. त्या काळात इंजिन बिघडले, तर हंगाम वाचवायचा की इंजिन, असा पेच उभा राहतो.

हा पेच सोडवण्यासाठी आधी बिघाडाचे कारण शोधावे लागते. प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. एखाद्यात ते कमी आढळल्यास त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर दोष बहुधा रिंग किंवा बोअरमध्ये असतो. न वाढल्यास व्हॉल्व्ह अथवा हेड गॅस्केटकडे पाहावे. ऑइल फिल्टर कापून त्यात धातूचे कण आहेत का, तेही तपासावे. बेअरिंग झिजल्याची सूचना अनेकदा तेथेच मिळते. कारण न शोधता नवे सुटे भाग बसवले, तर तेच भाग पुढील फेरीत पुन्हा निकामी होण्याचा संभव असतो.

इंजिन उघडताना पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंग कॅप यांवर क्रमांक घालणे आवश्यक ठरते. हे भाग परस्परांच्या जागी बसवता येत नाहीत. त्यानंतर मोजमाप. बोअर वरच्या आणि खालच्या बाजूला, तसेच काटकोनात मोजल्यास तो निमुळता किंवा लंबगोल झाला आहे का, हे कळते. हेडची सपाटी सरळ पट्टी आणि फीलर गेजने तपासतात. बेअरिंगमधील मोकळीक साधारणपणे जर्नलच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढी असते. म्हणजे ४५ मिलिमीटरच्या जर्नलला सुमारे ०.०४५ मिलिमीटर. अचूक आकडा मात्र त्या इंजिनाच्या पुस्तिकेतूनच घ्यावा.

बोअर मारून घेण्याचा निर्णय नियमपुस्तिका पाहूनच घ्यावा. भारतातील रॅलींमध्ये अनेक वर्षे दिसलेल्या मारुती जिप्सीच्या १.३ लिटर इंजिनाचे उदाहरण बोलके आहे. त्याचा बोअर ७४ आणि स्ट्रोक ७५.५ मिलिमीटर, म्हणजे क्षमता १२९८ सीसी. बोअर केवळ पाव मिलिमीटरने वाढवला, तरी ती सुमारे १३०८ सीसी होते. वर्गाची मर्यादा १३०० सीसी असेल आणि नियमांत सवलत नसेल, तर गाडी मोठ्या इंजिनांच्या वर्गात ढकलली जाते.

जुळणीच्या वेळी स्वच्छता सर्वांत महत्त्वाची. बोअरिंगनंतर राहिलेली बारीक कीस नव्या बेअरिंगला काही मिनिटांत खाऊन टाकते. हेडचे बोल्ट मध्यापासून बाहेरच्या दिशेने, ठरलेल्या क्रमाने आणि टप्प्याटप्प्याने टॉर्क पान्याने आवळावेत. पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी स्पार्क प्लग काढून, ऑइलचा दाब येईपर्यंत स्टार्टरने इंजिन फिरवावे. नव्या रिंग बसण्यासाठी इंजिन नुसते सुरू ठेवून भागत नाही. बदलत्या भाराखाली ते चालवावे लागते आणि त्यानंतर ऑइल बदलावे लागते.

उंचीचाही विचार करावा लागतो. महाबळेश्वरच्या सुमारे १,३७० मीटर उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण १२ टक्के विरळ असते. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद जवळपास त्याच प्रमाणात घटते. त्यामुळे घाटमाथ्यावर जाणवणारी घट हा प्रत्येक वेळी जुळणीचा दोष नसतो.

तयार झालेले इंजिन कापूरहोळ-भोर रस्त्यावर किंवा घाटात वेगाने पळवून पाहण्याचा मोह होतो. मात्र मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत वा वेगाची चाचणी घेणे हा गुन्हा आहे. वळणापलीकडून येणारी एसटी किंवा शेतमालाचा ट्रॅक्टर चालकाला दिसत नाही, हे त्याहून मोठे कारण.

मोजमाप अपुरे राहिले असेल, तर एक फेरी सोडणे हाच शहाणपणाचा मार्ग. गमावलेले गुण पुढच्या फेरीत भरून काढता येतात. भर वेगात कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फुटला आणि ऑइल मागच्या चाकांखाली आले, तर गाडी चालकाच्या ताब्यात राहीलच याची खात्री कोणीच देऊ शकत नाही.