खिशांतला कॅमेरा आणि घरचा इतिहास

अकलूजसारख्या गांवच्या गृहस्थानें रोजच्या प्रवासांत बाळगण्यासाठीं लहानांत लहान डिजिटल कॅमेरा कोणता घ्यावा, हा प्रश्न प्रथमदर्शनीं दुकानदारास विचारण्याचा वाटेल. आमच्या मतें तो इतिहासासहि विचारण्यासारखा आहे. कारण आजवर कोणाचें चित्र मागें उरलें व कोणाचें उरलें नाहीं, हें पुष्कळ अंशीं कॅमेऱ्याच्या ओझ्यानें ठरविलें आहे.

मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी यांचे बंधु नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय गृहस्थ लवकरच या कलेंत नांवारूपास आले. परंतु तो काळ ओल्या काचेचा होता. काचेवर रसायन ओतावयाचें, ती ओली आहे तोंच चित्र घ्यावयाचें आणि लागलीच अंधारांत धुवावयाचें. प्रवासास निघावें तर तिपाई, काचा, बाटल्या आणि काळोखी राहुटी हीं सर्व बरोबर हवींत! एवढा व्याप करून माणूस चित्र घेणार तें देवळाचें, किल्ल्याचें, नाहीं तर स्वस्थ बसूं शकणाऱ्या संस्थानिकाचें. तुकोबांची पालखी सराटीस नीरास्नान करून अकलुजास येते, तेव्हां रिंगणांत डोईवर तुळस घेऊन बाया धांवतात. त्या काचेवर त्या उमटल्या असत्या तर नुसत्या धुरकट डागासारख्या.

हें ओझें टप्प्याटप्प्यानें उतरत गेलें. १८८८ च्या पहिल्या कोडॅकमध्यें १०० चित्रांची गुंडाळी आंत भरूनच मिळे. १९१२ सालीं बंडीच्या खिशांत मावणारा कोडॅक निघाला. १९२५ सालीं जर्मनींत लायका बाजारांत आला. त्याचा कर्ता ऑस्कर बार्नाक यास दम्याचा विकार असल्यामुळें जड सामान वाहणें जमत नसे. त्यानें २४ बाय ३६ मिलिमीटरचें लहान निगेटिव्ह घेऊन त्यावरून मोठें चित्र छापण्याची युक्ति रूढ केली. १९३८ सालीं रीगा येथें निघालेला मिनॉक्स मुठींत झांकून जाई. पण त्याचें निगेटिव्ह अवघें ८ बाय ११ मिलिमीटरचें, म्हणून मोठें करतां चित्र भरड होई. आकार घटला कीं प्रकाश झेलणारें पृष्ठ घटतें, हा त्यांतला धडा आहे.

डिजिटल कॅमेराहि जन्मतः लहान नव्हता. १९७५ सालीं कोडॅकच्या स्टीव्हन सॅसननें बनविलेलें यंत्र सुमारें ३.६ किलो वजनाचें होतें आणि एक चित्र नोंदविण्यास त्यास २३ सेकंद लागत. २००२ सालीं कॅसिओनें ११.३ मिलिमीटर जाडीचा कॅमेरा काढला. तथापि जुना हिशेब सुटला नाहीं. लायकाच्या निगेटिव्हचें क्षेत्र ८६४ चौरस मिलिमीटर, मिनॉक्सचें ८८; आणि स्वस्त लहान डिजिटल कॅमेऱ्यांतल्या सेन्सरचें बहुधा २८ च्या आसपास! आजचा सेन्सर जुन्या फिल्मपेक्षां पुष्कळ तीक्ष्ण आहे हें खरें; परंतु एकाच काळच्या दोन सेन्सरांत मोठा तो अंधारांत सरस, हें कायमच आहे.

मग निवड कशी करावी? मोबाईल बहुतेकांच्या खिशांत असतोच. त्याच्याहून सरस चित्र न देणारा दुसरा कॅमेरा वाहणें व्यर्थ होय. मेगापिक्सेलच्या मोठ्या आंकड्यास भुलूं नये. सेन्सर किती मोठा, तें आधीं विचारावें. २०१२ च्या सोनी आरएक्स-१०० मध्यें ‘एक इंची’ सेन्सर आला. हें नुसतें नांव आहे, खरें माप १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, म्हणजे ११६ चौरस मिलिमीटर. आणि कॅमेऱ्याचें वजन अवघें २४० ग्रॅम. २०१९ च्या रिको जीआर-३ मध्यें २५७ ग्रॅमांत सुमारें ३६६ चौरस मिलिमीटरचा सेन्सर बसविला. मात्र त्याचें भिंग स्थिर, दूरचें जवळ आणणारें नाहीं. ज्यास कडेला उभें राहून रिंगण टिपावयाचें, त्यानें पहिल्या जातीचा घ्यावा. ज्यास पहाटेचा एस.टी. स्टँड, रात्रीचें कीर्तन आणि घरचीं माणसें हवींत, त्यानें दुसऱ्या. धूळ व आषाढाचा पाऊस यांचा दोहोंसहि त्रास होतो. तेव्हां प्लास्टिकची पिशवी बरोबर असावी.

हा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. आपल्याकडील कित्येक घरांत आजीचें एकच चित्र असतें: स्टुडिओंतल्या रंगविलेल्या पडद्यापुढें, अवघडून बसलेलें. ती जात्यावर बसे तेव्हां कशी दिसे, बाजारांतून परततांना पदर कसा खोंची, हें नातवंडांस कळण्यास मार्ग उरलेला नाहीं. जो कॅमेरा बाजारास निघतांनाहि जड वाटत नाहीं, त्यानेंच अशीं चित्रें मिळतील. तीं यंत्रांतच न कोंडतां वर्षाकांठीं दहा-वीस तरी कागदावर उतरवून घ्यावींत आणि पाठीमागें नांव, गांव व तारीख लिहून ठेवावी.