ओझं कमरेनं नाही, पायांनी उचलायचं



आमच्या गटाच्या बैठकीत सतरंजी अंथरली की अर्ध्याजणी आधी भिंत शोधतात. टेकायला काही नसेल तर त्यांना बसवतच नाही. कुणाला पोतं उचलताना उसण भरलेली असते, कुणाची कंबर पाणी वाहून वाहून गेलेली असते. विचारलं तर म्हणतात, "बाईच्या जातीला हे चालायचंच." हे चालायचंच नाही, हे सांगायला आज आम्ही एका लांबच्या पहिलवानाची गोष्ट घेऊन आलो आहोत.

त्याचं नाव वासिली अलेक्सेयेव. तो रशियाचा. 1942 साली तिथल्या एका खेड्यात जन्मला. तरुणपणी त्यानं जंगलात लाकूडतोडीच्या कामावर ओंडके वाहिले. पुढे खाणकामगारांच्या शाख्ती नावाच्या गावात राहून तो वजन उचलण्याच्या खेळात, म्हणजे वेटलिफ्टिंगमध्ये उतरला. दीडशे किलोच्या वरचा देह, मोठं पोट, झुबकेदार कल्ले. बघणाऱ्याला वाटावं, हा काय खेळणार? पण 1970 ते 1977 या काळात त्यानं 80 जागतिक विक्रम केले.

त्या काळी या खेळात वजन उचलायचे तीन प्रकार होते. तिन्हींमधलं सगळ्यात जास्त वजन घेऊन त्याची बेरीज करायची. ही बेरीज 600 किलोवर नेणारा जगातला पहिला माणूस म्हणजे अलेक्सेयेव. साल 1970. दोनच वर्षांनी जर्मनीतल्या म्युनिकच्या ऑलिंपिकमध्ये त्यानं 640 किलो करून सोन्याचं पदक घेतलं.

आता या तीन प्रकारांतला एक नीट समजून घेऊ, कारण आपली गोष्ट त्यातच आहे. त्याला 'प्रेस' म्हणायचे. लोखंडी दांडा आधी छातीपर्यंत आणायचा, मग पाय न हलवता, गुडघे न वाकवता, नुसत्या हातांच्या जोरावर डोक्यावर ढकलायचा. म्युनिकमध्ये अलेक्सेयेवनं असे 235 किलो ढकलले. पण वजनं वाढत गेली तसे खेळाडू एक युक्ती करू लागले. हात कमी पडले की कमरेतून मागे झुकायचं. इतकं मागे, की जणू उभ्यानंच उताणं पडलेत. सगळा भार कण्याच्या खालच्या भागावर यायचा. किती झुकलं तर चूक धरायची, यावर पंचांचं एकमत होईना. शिवाय खेळाडूंच्या कमरेचं भय होतंच. शेवटी 1972 च्या ऑलिंपिकनंतर प्रेस हा प्रकार स्पर्धेतून काढूनच टाकला.

जरा विचार करा, मैत्रिणींनो. ही जगातली सगळ्यात ताकदवान माणसं. त्यांना कुणी म्हटलं नाही, "पहिलवानाच्या जातीला हे चालायचंच." पद्धत चुकीची होती, म्हणून पद्धत बदलली.

मग अलेक्सेयेवचं काय झालं? त्याचा एक हुकमी प्रकार तर गेला. उरले दोन. एक 'स्नॅच', म्हणजे जमिनीवरून एका झटक्यात थेट डोक्यावर. दुसरा 'क्लीन अँड जर्क', म्हणजे आधी खांद्यापर्यंत, थोडा दम घ्यायचा, मग गुडघे किंचित वाकवून पायांच्या जोरावर वर. या दुसऱ्या प्रकारात त्यानं म्युनिकला 230 किलो उचलले होते. चार वर्षांनी, 1976 साली, कॅनडात माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये उचलले 255 किलो, आणि पुन्हा सोनं मिळवलं. मागे झुकून ढकलण्यातलं सगळ्यात मोठं वजनही त्याच्या या वजनापेक्षा कमीच होतं. हातापेक्षा, कमरेपेक्षा पाय जास्त उचलतात, ते असं.

शरीराला मर्यादा असते, हेही त्याच्याकडूनच शिकावं. 1978 च्या जागतिक स्पर्धेत दुखापत झाली आणि त्याला माघार घ्यावी लागली. 1980 साली मॉस्कोत, आपल्याच माणसांसमोर, 180 किलोचे तिन्ही प्रयत्न फसले. तेव्हा तो 38 वर्षांचा होता. 2011 मध्ये तो वारला.

बायकांना ऑलिंपिकमध्ये वजन उचलायला मिळालं ते मात्र थेट 2000 साली, सिडनीला. तिथं आंध्रच्या श्रीकाकुलम जिल्ह्यातल्या कर्णम मल्लेश्वरीनं स्नॅचमध्ये 110 आणि क्लीन अँड जर्कमध्ये 130, असे मिळून 240 किलो उचलले. कांस्यपदक मिळालं. ऑलिंपिक पदक जिंकणारी ती पहिली भारतीय बाई.

आता आपला हिशोब मांडू. 15 लिटरचा हंडा म्हणजे 15 किलो पाणी, भांड्याचं वजन वेगळं. दिवसाला 8 खेपा केल्या तर 120 किलो. वर्षभर असंच चाललं तर जवळजवळ 44 टन. त्यात सरपणाची मोळी नाही, वैरणीचा भारा नाही, बांधकामावरचं घमेलं नाही. 1948 च्या कारखाना कायद्यात लिहिलं होतं की इजा होईल इतकं जड ओझं कुणाला उचलायला लावायचं नाही. पण तो कायदा कारखान्याचा. विहिरीवर, शेतात, घरात आपले पंच आपणच.

तर पहिलवानांकडून घेण्यासारखे नियम असे. ओझ्याला हात घालण्याआधी पाय ठरवा. पाय खांद्याइतके फाकवा, एक किंचित पुढे, ओझ्याच्या अगदी जवळ. पोतं जरा कलतं करून वजनाचा अंदाज घ्या. कमरेत वाकू नका, गुडघ्यात वाका. पाठ सरळ, ओझं अंगाला चिकटून. मग पायांच्या जोरावर उठा. वळायचं असेल तर पाऊल उचलून वळा. ओझं हातात असताना कंबर पिळली, की उसण भरलीच म्हणून समजा.

एका दमात डोक्यावर नेऊ नका. हंडा आधी ओट्यावर किंवा कट्ट्यावर ठेवा, मग चुंबळीवर चढवा. पहिलवानसुद्धा खांद्याशी थांबतो. पोतं मोठं असेल तर दोन करा. दोन खेपा झाल्या तरी चालतील. ओली बाळंतीण आणि गरोदर बाई यांना जड ओझ्यापासून लांबच ठेवा; अंग बाहेर येण्याचा त्रास अशा ओझ्यानं वाढतो. कमरेतून कळ पायात उतरत असेल, पाय बधिर होत असेल तर आशाताईंना सांगा आणि दवाखाना गाठा. लघवीवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी गाठा.

एक ठराव आम्ही आमच्या गटात केला आहे, तुम्हीही करून बघा. पाणवठ्यावर कुणी एकटीनं हंडा डोक्यावर चढवायचा नाही. शेजारणीला "हात लाव गं" म्हणायचं, आणि जिला म्हटलं तिनं हातातलं काम ठेवून यायचं. यात कमीपणा नाही. म्हाताऱ्या सासूबाईंपासून नव्या सुनेपर्यंत सगळ्यांना हाच नियम.

भेटू पुढच्या भागात. तोवर कंबर सांभाळा. नमस्कार.