पोलादाची घडणावळ

उंची वस्तू म्हणजे सोन्याची वस्तू, ही समजूत आपल्या समाजात जितकी खोल रुजलेली आहे तितकीच ती युरोपातील मातब्बर घराण्यांतही होती. खिशातले साखळीचे घड्याळ असो अथवा मनगटावरचे, समारंभात मिरवावयाचे ते सोन्याचे, आणि पोलादाचे घड्याळ शिपायाने, खलाशाने किंवा अभियंत्याने वापरावे, असा अलिखित रिवाज तिकडे दीर्घकाळ पाळला जाई. सराफाच्या पेढीवर दागिन्याचा हिशेब आधी वजनाचा आणि मग घडणावळीचा होतो. परंतु वजनाची किंमत नगण्य आणि घडणावळ हेच सर्वस्व, असा जिन्नस सोन्याहून महाग भावाने राजरोस बाजारात मांडण्याचे धैर्य स्वित्झर्लंडमधील एका जुन्या कारखान्याने १९७२ मध्ये दाखविले. आणि तो वृत्तान्त मला महत्त्वाचा वाटतो तो यासाठी, की कारागिराच्या हाताला त्यात धातूहून वरचे स्थान मिळाले.

शेफील्ड येथे १९१३ मध्ये हॅरी ब्रियर्ली हे बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून निरनिराळ्या मिश्रधातूंची परीक्षा करीत असता त्यांना न गंजणाऱ्या पोलादाचा शोध लागला. आपल्या स्वयंपाकघरातील डब्या-वाट्यांचा हा धातू घड्याळाच्या कवचात शिरला, त्या कथेचा एक धागा हिंदुस्थानातून गेलेला आहे. येथे तैनात असलेल्या ब्रिटिश लष्करी अंमलदारांना पोलोचे विलक्षण वेड होते आणि त्या धसमुसळ्या खेळात त्यांच्या घड्याळांच्या काचा फुटत. १९३० मध्ये येथे आलेले घड्याळांचे व्यापारी सेझार द त्रे यांच्या कानावर ही तक्रार गेली. त्यांनी स्वदेशी जाऊन जाक-दाव्हीद लकूल्त्र यांच्याशी मसलत केली, अभियंता रने-आल्फ्रेद शोव्हो यांनी कवच उलटे फिरवून काच आत दडविण्याची युक्ती काढली, आणि ४ मार्च १९३१ रोजी पॅरिसमध्ये तिच्या एकस्वासाठी अर्ज दाखल झाला. ‘रिव्हर्सो’ या नावाने प्रसिद्धीस आलेले ते घड्याळ पोलादातही निघाले; तथापि त्यातील पोलाद हे उपयुक्ततेचे पोलाद होते, प्रतिष्ठेचे नव्हे.

प्रतिष्ठा लाभली ती पुढे चाळीस वर्षांनी. जपानच्या सैको कंपनीने २५ डिसेंबर १९६९ रोजी स्फटिकावर चालणारे मनगटी घड्याळ विक्रीस आणले आणि स्विस धंद्यावर अरिष्टाचे सावट पडले; १९७० च्या सुमारास त्या धंद्यात राबणाऱ्या सुमारे ९०,००० माणसांपैकी पंधरा वर्षांत जेमतेम तृतीयांश उरली. अशा संधिकाळात, १८७५ पासून ले ब्रासू या डोंगराळ गावी घड्याळे घडविणाऱ्या ओदमार पिगे या पेढीचे प्रमुख जॉर्ज गोले यांनी बाझेलच्या व्यापारी प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास रेखाकार जेराल जेंता यांना फोन केला, आणि इटलीच्या बाजाराला कधी कोणी पाहिले नाही असे पोलादी घड्याळ हवे आहे, त्याचे चित्र उद्या सकाळी द्या, असे सांगितले. पाणबुड्याच्या शिरस्त्राणावर गोलाकार बसविलेले मळसूत्री खिळे लहानपणी पाहिलेले होते, ते जेंतांना स्मरले. एका रात्रीत चित्र तयार झाले.

हे घड्याळ, म्हणजे ‘रॉयल ओक’, हातात घेऊन नीट न्याहाळावे. काचेभोवतीच्या अष्टकोनी कोंदणात आठ षट्कोनी खिळे दिसतात, आणि त्या सर्वांच्या चिरा वर्तुळाच्या ओघाने एका शिस्तीत वळलेल्या असतात. मळसूत्र आवळताना प्रत्येक चीर बरोबर हव्या त्या जागी कशी थांबली असेल, असा प्रश्न जाणत्याला पडतो. उत्तर असे, की ती डोकी षट्कोनी खाचांत बसविलेली असल्यामुळे फिरतच नाहीत, आणि आवळणी होते ती पाठीमागून. कोंदणाचा सपाट भाग एका दिशेने घासून मंद रेशमी केलेला, तर त्याची तिरपी कड आरशासारखी उजळलेली. दोहोंच्या मधली रेषा पात्यासारखी धारदार ठेवणे हे खरे कसब. पोलाद सोन्यापेक्षा कठीण व चिवट असल्याने पहिले नमुने पांढऱ्या सोन्यातच करावे लागले, ही गोष्ट धातूंच्या रूढ प्रतवारीवर पुरेसा प्रकाश टाकते. कवचाशी रुंद असलेला पट्टा कडीगणिक निमुळता होत जातो, म्हणून प्रत्येक कडी निराळ्या मापाने घडवावी लागते. यंत्राची जाडी अवघी ३.०५ मिलिमीटर, कवचाचा व्यास मात्र ३९ मिलिमीटर, जो त्या काळी अवाढव्य वाटला. किंमत ३,३०० फ्रँक ठरली, आणि सोन्याच्या कित्येक घड्याळांहून महाग असलेले हे पोलाद पाहून व्यापारी स्तंभित झाले.

पहिले हजार नग संथपणेच खपले. पण १९७६ मध्ये पातेक फिलिपने जेंतांकडूनच ‘नॉटिलस’ आखून घेतले आणि १९७७ मध्ये व्हाशेराँ काँस्तांताँचे ‘२२२’ आले, तेव्हा नव्या परंपरेला सनद मिळाल्यासारखे झाले.

असे घड्याळ निवडताना नावाआधी मनगट पाहावे. कवचाची टोके मनगटाबाहेर डोकावता कामा नयेत, आणि आपल्या उन्हाळ्यात दुपारी हात किंचित फुगतो हे ध्यानी घेऊन, पट्ट्याखाली करंगळीचे टोक शिरेल इतकी जागा ठेवूनच घड्याळजीकडून कड्या काढवून घ्याव्यात. कोकणच्या दमट हवेत चामड्याचा पट्टा घामाने लवकर कुजतो, तेथे पोलाद उत्तम टिकते. मात्र खारे पाणी लागले तर ते गोड्या पाण्याने धुऊन टाकावे, आणि घड्याळ जुने असेल तर आतील रबरी कडी बदलल्याखेरीज ते पाण्यात नेऊच नये. जुना नग घेणाऱ्याने ओरखड्यांना भिऊ नये. वारंवार झिलई केलेल्या कवचाच्या कडा गोलावतात, ती तिरपी उजळ पट्टी पसरट होते, आणि ज्या घडणावळीसाठी मूळ कारखान्याने सोन्याहून अधिक दाम मागितले होते तीच झिलईवाल्याच्या चाकाखाली झिजून जाते. म्हणून चकचकीत नगापेक्षा ओरखडलेला पण तीक्ष्ण कडांचा नग मी बेलाशक पसंत करीन.